परदेशीं राहून स्वदेशासाठीं झटलेले धर्मगुरु

कऱ्हेच्या कांठची बारामती आणि नीरा-भीमेच्या मुलुखांतील इंदापूर या दोन्ही ठिकाणच्या आम्हां कॅथॉलिक कुटुंबांस एक प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो. कोणी तो रागानें विचारतो, कोणी निव्वळ कुतूहलानें. विचारणारा पुष्कळदां आपलाच शेजारी, आपल्याच मुलाच्या वर्गांतील दुसऱ्या मुलाचा बाप असतो. "देश पारतंत्र्यांत असतां तुमचे फादर कोठें होते हो?" आपण बहुधा हसून वेळ मारून नेतों. महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या बांधकामाच्या हकीकती आणि दिवंगत फादरांच्या आठवणी छापावयाच्याच. परंतु शेजाऱ्यानें सरळ विचारलेल्या प्रश्नास सरळ उत्तर देण्यासही याहून चांगली जागा नाहीं, असें आम्हांस वाटतें. उत्तर सर्वस्वीं अभिमानाचें नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवितों.

हा प्रश्न आयरिश माणसास कोणी विचारीत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बटाट्याचें पीक कुजून जो भीषण दुष्काळ पडला, त्यांत लाखों आयरिश लोक गलबतांत बसून अमेरिका व ऑस्ट्रेलिया गांठावयास निघाले. त्यांच्या पाठोपाठ त्यांचे धर्मगुरुही गेले. परक्या मुलुखांत त्या गरीब मजुरांस वाली असा धर्मगुरूवांचून दुसरा कोणी नव्हता. तोच त्यांचा पत्रलेखक, तोच पंच, आणि पुढें तोच त्यांचा पुढारी. गॉल्वे परगण्यांत जन्मलेले फादर पीटर यॉर्क सॅन फ्रान्सिस्को शहरीं मिस्सा करीत आणि आपल्या वृत्तपत्रांतून इंग्रज सरकारवर तोफ डागीत. मेलबर्नचे आर्चबिशप डॅनिएल मॅनिक्स हे १९२० सालीं अमेरिकेंतून मायदेशाकडे निघाले असतां इंग्रजांच्या आरमारानें त्यांस भर समुद्रांत आगबोटीवरून उतरवून घेतलें आणि आयर्लंडाच्या भूमीस पाय लावूं दिला नाहीं. एका वृद्ध होत चाललेल्या महागुरूला अडविण्यासाठीं लढाऊ जहाजें धाडावीं लागलीं, हें वाचून आम्हांस आजही हसूं येतें. कपुचिन संघाचे फादर आल्बर्ट यांनीं १९१६ च्या बंडांतील पुढाऱ्यांना देहांत शिक्षेपूर्वीं धीर दिला होता. तेंच पुढें यादवी युद्धांत प्रजासत्ताकवाद्यांची बाजू घेतली म्हणून कॅलिफोर्नियांत पाठविले गेले व १९२५ सालीं तेथेंच वारले. त्यांचे सोबती फादर डॉमिनिक १९३५ सालीं ऑरेगॉनमध्यें निवर्तले. दोघांच्याही अस्थि १९५८ सालीं आयर्लंडास परत आणून सन्मानानें पुरण्यांत आल्या.

तथापि तेथेंही सर्व धर्माधिकारी एका मताचे होते असें कोणी समजूं नये. १९२२ च्या ऑक्टोबरांत आयर्लंडांतील बिशपांनीं शस्त्र न टाकणाऱ्या प्रजासत्ताकवाद्यांचा जाहीर निषेध केला. घरीं बसलेला बिशप जपून बोलतो आणि समुद्रापलीकडला फादर मोकळेपणीं बोलतो, हा फरक पुष्कळ अंशीं स्वभावाचा नव्हे, जागेचा आहे. जो सरकारच्या तावडीबाहेर आहे आणि ज्याचें पोट त्याच्याच देशबांधवांच्या दिडकीवर चालतें, त्याची जीभ सैल असते.

आयर्लंडचें हें उदाहरण आपल्याकडे अगदींच अपरिचित नव्हतें. माझगांवच्या ईस्ट इंडियन कॅथॉलिक घराण्यांत जन्मलेले, पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकलेले आणि केंब्रिजहून बॅरिस्टर होऊन आलेले जोसेफ बॅप्टिस्टा, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या मंडळींतले 'काका', यांनीं आयर्लंडच्या स्वराज्य-चळवळीचा अभ्यास केला होता. एप्रिल १९१६ मध्यें बेळगांवीं होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हां तिचें अध्यक्षपद काकांकडेच आलें. आणि त्याच एप्रिलच्या २४ तारखेस, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं, डब्लिन शहरीं बंडाचें निशाण उभारलें गेलें होतें. पुढें १९१७ सालीं काका विलायतेस जाऊन हिंदी स्वराज्याची बाजू मांडूं लागले. परंतु काका गृहस्थाश्रमी, धर्मगुरु नव्हत. शेजाऱ्याचा प्रश्न फादरांविषयींचा आहे, आणि त्याचें उत्तर शोधावयास सह्याद्रि उतरून गोमंतकांत जावें लागतें. इंग्रज या देशांत राज्यकर्ते होण्यापूर्वीं कितीतरी आधीं तेथें पोर्तुगीजांचें राज्य होतें, आणि तेथील कांहीं धर्मगुरूंनीं परदेशीं जाऊन जें केलें तें आयरिश फादरांच्या शेंदोनशें वर्षें अगोदरचें आहे.

पहिलें नांव मातेउस दि कास्त्रो यांचें. गोव्याजवळ मांडवी नदींत दिवाडी नांवाचें बेट आहे. तेथील नावेलीं गांवीं एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यांत १५९४ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. बार्देशांतील रेइस मागोस येथील फ्रान्सिस्कन पाठशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. त्यांस धर्मगुरु व्हावयाचें होतें. परंतु त्या वेळचे गोव्याचे आर्चबिशप एतद्देशीय ब्राह्मणास गुरुदीक्षा द्यावयाची नाहीं असा निश्चय करून बसलेले. बाप्तिस्मा दिलेला चालतो, घंटा वाजविलेली चालते, परंतु वेदीवर उभा राहिलेला चालत नाहीं, असा तो न्याय! दुसऱ्या कोणी कपाळास हात लावला असता. मातेउस खुष्कीच्या वाटेनें, इराणांतून, थेट रोमास गेले आणि १६२५ सालीं तेथें पोहोंचले.

रोममध्यें त्यांच्या नशिबानें वारा फिरलेला होता. जगांतील मिशनांचा कारभार राजेलोकांच्या हातून काढून आपल्या हातीं घ्यावा या हेतूनें पोपमहाराजांनीं १६२२ सालीं 'प्रॉपगंडा' नांवाचें धर्मप्रसारमंडळ स्थापिलें होतें. या मंडळाचे पहिले चिटणीस फ्रान्सेस्को इंगोली यांचें मत असें कीं, ज्या देशांत धर्म रुजवावयाचा त्या देशाचेच धर्मगुरु झाले पाहिजेत. अशा माणसापुढें हा हिंदी तरुण येऊन उभा राहिला. त्यास तेथें विद्या मिळाली, गुरुदीक्षा मिळाली, आणि तो रोमच्या अधिकारपत्रांसह १६३३ सालीं गोव्यास परतला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं तीं पत्रें मानलींच नाहींत. तो पुन्हां रोमास गेला. या खेपेस रोमनें असा तोडगा काढला कीं, १६३७ सालीं त्यास क्रिसोपोलिसचा नामधारी बिशप करून 'इदालकान'च्या राज्यासाठीं आपला वकील, म्हणजे व्हिकर अपोस्टोलिक, नेमिलें. लॅटिन विधीचा बिशप झालेला हा पहिला हिंदी माणूस होय.

येथें आमच्या वाचकांनीं अंमळ थांबावें. 'इदालकान' म्हणजे दुसरें तिसरें कोणी नसून आपला आदिलखान, विजापूरचा आदिलशहा. या नेमणुकीच्या वर्षभर आधीं, १६३६ सालीं, मोगल व आदिलशहा यांच्यांत तह होऊन निजामशाहीचा शेवट झाला आणि पुणें प्रांत विजापुराकडे आला. शहाजीराजे आदिलशाही चाकरींत गेले. पुणें, सुपें, इंदापूर ही त्यांची जहागीर त्यांच्याकडे राहिली. म्हणजे मालोजीराजांची छत्री ज्या इंदापुरांत आहे तें इंदापूर आणि आमची बारामती हीं दोन्ही १६३७ सालीं, निदान रोमच्या कागदावर तरी, दिवाडीच्या या बिशपाच्या हद्दींत पडलीं! जिजाऊसाहेब व बाळ शिवाजी यांच्या पायांनीं पुण्याची ओसाड जमीन पुनः आबाद होऊं लागली तीच ही वर्षें. आमच्या भागाचा व कॅथॉलिक इतिहासाचा धागा जर्मन जेझुइट फादरांपासून सुरू होतो अशी आपली समजूत. हा धागा त्याहून दोनशें वर्षें मागें जातो.

बिशप कास्त्रो यांचें ठाणें मात्र आदिलशाहीच्या दुसऱ्या टोंकास, गोव्याच्या अगदीं सीमेवर, डिचोलीस होतें. डिचोली, बांदें, वेंगुर्लें येथें त्यांनीं देवळें उभारलीं आणि एतद्देशीय तरुणांस गुरुदीक्षा देण्यास आरंभ केला. हाताच्या अंतरावर गोव्याचे आर्चबिशप. त्यांनीं या दीक्षा खोट्या ठरविल्या. भांडण विकोपास गेलें. तेव्हां डिचोलीच्या बिशपानें जें केलें तें धर्मगुरूच्या इतिहासांत क्वचित् घडतें: १६५३ सालीं 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नांवाचें एक पत्रक पोर्तुगीज भाषेंत लिहून त्यानें गोव्यांतील आपल्या ज्ञातिबांधवांस पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठण्याची चिथावणी दिली. पुढच्याच वर्षीं आदिलशाही फौज गोव्याच्या मुलुखांत उतरली. ही आग या बिशपानेंच लावली, असा पोर्तुगीजांचा कायमचा आरोप राहिला. डच लोकांशींही त्यांचें संधान होतें, आणि डच तर प्रॉटेस्टंट! शत्रूचा शत्रु तो मित्र, या राजकारणी न्यायापुढें त्यांस त्याची दिक्कत वाटली नाहीं. शेवटीं ते रोमासच परतले आणि १६७७ सालीं तेथेंच वारले.

कास्त्रो यांस स्वातंत्र्यवीर म्हणावें काय? आम्हांस विचाराल तर आम्ही थोडे अडखळतों. त्यांच्या आरशांत फक्त ब्राह्मणांचेंच तोंड दिसे. चारडो, शूद्र, गावडे, कुणबी यांस त्या आरशासमोर उभें राहण्याचें निमंत्रण नव्हतें. आज ज्या ख्रिस्तमंडळींत आपण आहों तिच्यांतील बहुसंख्य कुटुंबांच्या पूर्वजांस या बिशपानें हांक मारली नसती, हें विसरून त्यांची पालखी खांद्यावर घेणें बरें नव्हे. शिवाय त्यांच्या रागाचें मूळ स्वतःस नाकारलेल्या दीक्षेंत होतें. पण मोठ्या चळवळींचीं मुळें बहुधा अशाच कोणाच्या तरी दारांतून परत पाठविलेल्या अपमानांत सांपडतात, हेंही तितकेंच खरें. दरवाजा ज्यास बंद झाला, त्यासच भिंत प्रथम दिसते.

कास्त्रो गेले, दरवाजा बंदच राहिला. शंभर वर्षांनीं, १७६१ सालीं, लिस्बनचे प्रधान मार्किश द पोंबाल यांनीं हुकूम काढला कीं, पोर्तुगालच्या आशियांतील ख्रिस्ती प्रजेस गोऱ्या प्रजेइतकेच हक्क व मान मिळावेत. हुकूम कागदावर उत्तम होता. गोव्यांतील अधिकाऱ्यांनीं तो दाबून ठेविला आणि १७७४ पर्यंत त्याची डाळ शिजूं दिली नाहीं. असे अर्धवट उघडलेले दरवाजे पूर्ण बंद दारांपेक्षां अधिक धोक्याचे असतात.

याच काळांत कोलवाळचे कायतान व्हितोरिनो दि फारिया आपल्या पंधरा वर्षांच्या मुलास घेऊन लिस्बनास गेले. या घराची हकीकत कादंबरीस शोभेल अशी आहे. कायतान लग्नापूर्वीं धर्मगुरु होण्याच्या वाटेवर होते; ती वाट सोडून त्यांनीं कांदोळीच्या रोजा मारिया दि सौझा यांच्याशीं लग्न केलें; पटेना म्हणून दोघांनीं धर्मसभेच्या अनुज्ञेनें फारकत घेतली; पत्नी जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठांत जोगीण झाली आणि पति धर्मगुरु झाला. पितापुत्र १७७१ च्या फेब्रुवारींत गोव्याहून निघाले ते नोव्हेंबरांत लिस्बनास लागले. मुलगा जुझे कुस्तोदियो पुढें रोममध्यें शिकून १७८० सालीं धर्मगुरु झाला. लिस्बनमधील या थोरल्या फादर फारियांचें बिऱ्हाड म्हणजे राजधानींत येणाऱ्या गोमंतकीयांचा अड्डाच होता.

तेथें दोन गोमंतकीय धर्मगुरु आले: पणजीचे कायतान फ्रान्सिस्को कुतो आणि दिवाडीचे जुझे आंतोनियो गोन्साल्विस. दोघेही विद्वान्; रिकाम्या झालेल्या बिशपपदांसाठीं आपला विचार व्हावा म्हणून आलेले. तो झाला नाहीं. उंबरठे झिजवून हात हालवीत ते गोव्यास परतले, परंतु डोकीं रिकामीं नव्हतीं. अमेरिकेंतील वसाहती इंग्लंडच्या राजापासून नुकत्याच सुटल्या होत्या, आणि युरोपच्या बंदरांतून जो हिंडला त्याच्या कानांवर ती वार्ता पडल्यावांचून राहिली नसेल. कांदोळीच्या पिंटो घराण्यांतील मंडळी, सैन्यांतील कांहीं गोमंतकीय अधिकारी, व अनेक धर्मगुरु यांचा गुप्त कट जमला. गोऱ्यांची सत्ता उलथून आपलें राज्य स्थापावयाचें, त्यासाठीं १७८७ सालच्या ऑगस्टची १० तारीख मुक्रर झाली. फ्रान्समधील राज्यक्रांति होण्यास अद्याप दोन वर्षें अवकाश होता, हें लक्षांत घ्यावें.

तारीख उजाडण्यापूर्वींच कट फुटला. गोऱ्या शिपायांच्या पावांत विष घालण्याचा बेत होता व पाववाल्यानेंच चहाडी केली, अशी सरकारपक्षाची कथा. गव्हर्नर फ्रान्सिस्को दा कुन्या इ मेनेझिस यांनीं धरपकड सुरू केली. एकंदर ४७ जण पकडले गेले, त्यांत १७ धर्मगुरु होते. चौकशींत छळ झाला. १३ डिसेंबर १७८८ रोजीं पणजींत पंधरा गृहस्थांस देहांत शासन देण्यांत आलें, आणि तें इतक्या क्रूर रीतीनें कीं त्याचें वर्णन मुलाबाळांच्या हातीं पडणाऱ्या या पुस्तिकेंत आम्ही करीत नाहीं. धर्मगुरूंस, ते धर्मगुरु म्हणून, फांसावर चढविलें नाहीं. चौदा जणांस जहाजांत घालून लिस्बनास धाडलें आणि तेजू नदीच्या मुखावरील सां जुलियांव किल्ल्याच्या अंधारकोठड्यांत डांबलें. कित्येक तेथेंच मेले. जे वांचले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोठड्यांतच सडत होते. कोणताही रीतसर खटला न चालवितां!

येथें एक गोष्ट आमच्या मनास टोंचते. विचार पेरणारे परदेशीं हिंडून आलेले, अंगांत झगा घातलेले. आणि पणजीच्या चौकांत ज्यांचे प्राण गेले ते पंधराही जण बिनझग्याचे, बायकामुलांचे धनी. झग्यानें धर्मगुरूंचा जीव वांचविला. ज्या सत्तेस ते आव्हान देत होते तिच्याच जुन्या कायद्यानें त्यांस ही सवलत दिलेली होती. आपण या फादरांचीं नांवें घेतों तेव्हां त्या पंधरा घरांचें स्मरण आधीं झालें पाहिजे.

या कटाची सावली लिस्बन व पॅरिसपर्यंत पडली. फारिया पितापुत्रांवर संशय आला आणि १७८८ सालीं धाकटे फारिया फ्रान्सास निघून गेले. 'आबे फारिया' म्हणून जग ज्यांस ओळखतें ते हेच. गोव्यांत त्यांची एक दंतकथा घरोघर सांगतात. लिस्बनच्या राजवाड्यांतील देवळांत राणीसमोर प्रवचन करावयास ते उभे राहिले, समोरचा झगमगाट पाहून त्यांची बोबडी वळली, तेव्हां खालीं बसलेल्या बापानें हळूच कोंकणींत म्हटलें, "कातर रे भाजी!" हे सगळे नुसता भाजीपाला आहेत, काप बेधडक! मुलाची जीभ सुटली ती सुटलीच. दंतकथा खरी असो वा नसो, परक्यांच्या दरबारीं उभ्या राहिलेल्या हिंदी माणसास मातृभाषेच्या तीन शब्दांनीं बळ यावें, यांत कांहीं तरी आहे खास. नाहीं तर ती इतकीं वर्षें टिकती ना.

पॅरिसमध्यें या धर्मगुरूनें ऑक्टोबर १७९५ मध्यें सत्ताधारी सभेविरुद्ध उठलेल्या एका तुकडीचें नेतृत्व केलें, हें प्रसिद्ध आहे. पुढें ते संमोहनविद्येकडे वळले आणि झोंप आणणारी शक्ति प्रयोग करणाऱ्याच्या हातांत नसून झोंपणाऱ्याच्याच मनांत असते, हा सिद्धांत त्यांनीं मांडला. आज वैद्यकशास्त्रांत त्यांचें नांव त्यासाठीं घेतात. त्यांच्या हयातींत मात्र पॅरिसनें त्यांस नाटकांतून हंसलें. १८१९ सालीं दारिद्र्यांत त्यांचा अंत झाला. ड्यूमाच्या सुप्रसिद्ध कादंबरींतील तुरुंगांतला विद्वान् फारिया याच नांवावरून आला; कादंबरीकारानें त्यास इटालियन करून टाकलें, एवढेंच.

आतां आमच्याच धर्मप्रांताकडे वळूं. पुणें-अहमदनगर भागांत काम करणारे जेझुइट फादर बहुतांशीं जर्मन होते. १९१४ च्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें त्यांस शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरवून नजरकैदेंत टाकलें व मायदेशीं परत धाडलें; पुण्याचे बिशप डोरिंग हेही कित्येक वर्षें आपल्या प्रांतास मुकले. युद्धानंतर या देशांत येणाऱ्या परदेशी मिशनऱ्यांकडून सरकारशीं एकनिष्ठ राहण्याची हमी घेतली जाऊं लागली. अशा हमीखालीं आलेला फादर दुष्काळांत धान्य वांटी, शाळा काढी, पटकीच्या सांथींत उशाशीं बसे. राजकारणावर मात्र मौन धरी. त्याचें मौन आम्ही भित्रेपणा म्हणत नाहीं. परंतु त्यास देशसेवेचें गोंडस नांव देऊन शेजाऱ्याची समजूतही घालणार नाहीं. पुण्यास पहिला हिंदी बिशप, अँड्र्यू डिसोझा, मिळाला तो १९४९ सालीं, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर.

स्वातंत्र्याचें हें काम १९४७ सालीं पुरें झालें नव्हतें. गोवा अद्याप पोर्तुगीजांकडे होता, आणि गोमंतकीयास मुंबई हेंच परदेश झालें होतें. धोबीतलावच्या कुडांतून, जेथें एकेका गांवचे खलाशी व आचारी भिंतीला पेट्या लावून राहत, गोव्याची बरीवाईट वार्ता प्रथम पोहोंचे. गोव्यांत पोर्तुगीज पॅट्रिआर्क आणि सालाझारचे पोलीस. कोणा फादरानें व्यासपीठावरून 'मुक्ति' हा शब्द उच्चारणें कठीण. मुंबईंत मात्र प्रा. अलॉयशियस सोरिस यांच्यासारखे कॅथॉलिक पुढारी गोवामुक्तीची बाजू उघडपणें मांडीत होते, आणि तत्त्वज्ञान व संस्कृत विद्येचे व्यासंगी फादर एच. ओ. मास्करेन्हस यांच्यासारखे धर्मगुरु त्यांच्या बाजूस होते. कॅथॉलिक धर्म टिकावयाचा तर पोर्तुगीज राज्य टिकलें पाहिजे, असा डंका लिस्बन जगभर पिटीत होतें. त्या डंक्यास सर्वांत चांगलें उत्तर कॅथॉलिक फादराच्या तोंडूनच येणें शक्य होतें.

दुसरें उत्तर रोममधून आलें. जुलै १९५५ मध्यें पंडित नेहरू पोप बारावे पायस यांस भेटले, आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाहीं, हें पोपमहाराजांसही मान्य असल्याचें त्यांनीं जाहीर केलें. त्याच वर्षीं १८ मे रोजीं पुण्याहून निघालेले ना. ग. गोरे व सेनापति बापट सत्याग्रह करीत गोव्याच्या हद्दींत शिरले होते. १५ ऑगस्टला हजारों सत्याग्रही सीमा ओलांडून गेले आणि वीसांहून अधिक जण गोळ्यांस बळी पडले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: मुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्वच पत्करणारा एक गोमंतकीय धर्मगुरु निघाला, आणि परवान्यावांचून राहण्याबद्दलचा त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ सालीं त्याच्या विरुद्ध निकालांत निघाला. झगा एकच, मनें दोन. आयर्लंडांत तसेंच, येथेंही तसेंच.

शेवटीं पुन्हां दिवाडी बेटाकडे. तेथील सप्तकोटीश्वराचें मूळ देऊळ पोर्तुगीजांनीं पाडलें तेव्हां भक्तांनीं देव नदीपार डिचोलींतील नार्व्यास नेला, आणि १६६८ सालीं शिवछत्रपतींनीं तेथें त्याचा जीर्णोद्धार केला; त्याच बेटावरून, त्याच डिचोलीस, बिशप कास्त्रोही गेले होते. १७८७ च्या कटांतले फादर गोन्साल्विस इंग्रजी मुलुखांत निसटले आणि कलकत्त्यास इंग्रजीचे मास्तर म्हणून त्यांनीं उरलेलें आयुष्य काढलें. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीस जावयास आजही होडी लागते आणि ती कांहीं मिनिटांत पलीकडे पोहोंचते. कास्त्रो रोमांत पुरले गेले. दोघांपैकीं एकासही ती होडी पुन्हां मिळाली नाहीं.